पलीकडे सील, अलीकडे दादा

बर्मिंगहॅम
१६ नोव्हेंबर, रविवार

दादा,

मायना काय घालायचा ते सुचेना म्हणून नुसतं दादा लिहिलंय. तेरा वर्षं आम्ही तुझ्या नावामागे 'कैलासवासी' लावतोय, आणि कैलासवासी माणसाला पत्र कसं लिहितात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तू काल मला ओळखलंस. नाही म्हणू नकोस. दाढी वाढवली, कानांवर लोकरीची टोपी ओढली, सील राखणाऱ्यांच्या पिवळ्या जाकिटावर 'अँडी' असं लिहिलं, म्हणून काय झालं? मी कस्तुरी आहे, तुझी सख्खी बहीण. दोघं मिळून एका ताटात जेवलोय आपण.

मी इथे कशी, असा तुला प्रश्न पडला असेल. उल्हासच्या कंपनीने त्याला बर्मिंगहॅमला पाठवलं त्याला सहा वर्षं झाली. उल्हास म्हणजे तोच, ज्याचा कान तू आमच्या लग्नात कानपिळीच्या वेळी इतका पिळलास की फोटोत एक कान लाल आलाय. काल तो आला नव्हता, त्याला थंडीत उभं राहून जनावरं बघायची हौस नाही. इथल्या मराठी मंडळाच्या प्रमोदिनीताईंनी कोच, म्हणजे मोठी बस, ठरवली होती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला त्यांनी 'सी लायन ट्रिप' असं नाव दिलं आणि आम्ही सगळे सी लायन बघायला म्हणून निघालो. दशम्या, दाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा, आणि पोचल्यावर वाऱ्याने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तू तिथे रोज असतोस, तुला त्याचं काही वाटत नसेल. मला मात्र बघून धक्काच बसला. मला वाटलं होतं, लांब खडकावर दुर्बिणीतून काळे ठिपके दिसतील. आणि इथे साधं लाकडी कुंपण, आणि हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ चिखलात या भल्याथोरल्या सीलमाद्या लोळतायत! एक नुकतीच व्यायली होती. पांढरं पिल्लू अजून ओलं होतं, चिखलावर रक्त होतं, आणि सीगल बाहेर पडलेल्या वारेवर तुटून पडले होते. प्रमोदिनीताई डोळे मोठे करून म्हणाल्या, "अगं बाई, बाळंतीण अशी उघड्यावर! हिला कोणीतरी डिंकाचे लाडू द्या गं." आम्ही सगळ्या हसलो. त्या हसण्यातच तू आमच्या मागे येऊन उभा राहिलास.

माझ्याबरोबरच्या मुलीने तुला विचारलं, "एक्सक्यूज मी, सी लायन्सची पिल्लं किती दिवस पांढरी राहतात?" तू इथल्या माणसांसारख्या इंग्रजीत म्हणालास की या देशाच्या किनाऱ्यावर सी लायन नसतात, हे ग्रे सील, सी लायनला बाहेर दिसतील असे कान असतात, यांना नुसती भोकं. तिने आणखी काय काय विचारलं. तू सगळं सांगितलंस, न कंटाळता, छान सांगितलंस. मग तिने तुझ्या हातात फोन दिला आणि म्हणाली, आमचा दोघींचा फोटो काढाल का?

फोटो काढताना तू टोपी आणखी खाली ओढलीस. मला वाटलं, बिचारा सकाळपासून थंडीत उभा आहे.

फोन परत देताना तुझा बूट माझ्या पिशवीला लागला. दशम्यांच्या पिशवीला. तू खाली वाकलास, दोन बोटं पिशवीला लावलीस आणि गळ्याशी नेलीस. कपाळाला नाही, छातीला नाही, गळ्याशी. दादा, पाय लागला की नमस्कार सगळेच करतात, पण गळ्याशी बोटं नेणारं एकच घर मला माहीत आहे. आजोबा करायचे, बाबा करायचे, मी करते आणि त्यावरून उल्हास मला चिडवतो.

मुलगी फोनमध्ये फोटो बघत होती. मी हळूच म्हटलं, "अंशुदादा."

तू ताठ झालास. मग माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणालास, "मॅडम, प्लीज कुंपणाच्या अलीकडेच राहा." मी अलीकडेच होते! आणि तू निघालास, चालत म्हणता येणार नाही असा. मुलगी म्हणाली, "आत्या, काय झालं गं त्यांना?" मी म्हटलं, काही नाही, त्यांना कोणीतरी बोलावलं.

तिने मला आत्या म्हटलेलं तुला ऐकू आलं की नाही मला माहीत नाही. म्हणून स्पष्ट लिहिते. ती निधी होती. तुझी निधी. एकोणीस वर्षांची आहे, मँचेस्टरला बायोलॉजी शिकते, दुसरं वर्ष. सुट्टीला माझ्याकडे येते. तुझ्या मुलीचा आणि बहिणीचा फोटो तू स्वतः काढलास, आणि तो माझ्या फोनमध्ये आहे.

कोचमध्ये माझे दात वाजत होते. प्रमोदिनीताईंनी शाल पांघरली, ओवा खायला दिला. मी खिडकीकडे तोंड करून बसले. आनंद व्हायला हवा होता ना? भाऊ जिवंत दिसला तर माणसाला आनंद होतो. मला तुला थोबाडावंसं वाटत होतं आणि थोबाडून झाल्यावर तुझ्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं, आणि यातलं काहीच करता आलं नाही कारण निधी शेजारी बसून सीलच्या पिल्लांचे फोटो मला दाखवत होती.

तुला माहीत आहे का, तू मेल्यावर काय झालं? नॉरफोकच्या किनाऱ्यावर तुझा कोट, बूट आणि फोन सापडला. तुला शोधायला बोटी गेल्या, हेलिकॉप्टर गेलं. नोकरीसाठी स्लाऊला घेतलेल्या तुझ्या खोलीतलं सामान उल्हासचा मित्र घेऊन आला. तीन महिने आम्ही वाट बघितली. मग काका म्हणाले, देह नाही तर दर्भाचा करतात, शास्त्र आहे. पुण्याला वैकुंठ स्मशानावर गुरुजींनी दर्भाचा माणूस बांधला, त्याला पिठाचा लेप दिला, त्यावर तुझा निळा शर्ट घातला. गुरुजी म्हणत होते अग्नी काका देतील. बाबा ऐकेनात. "त्याला मुलगी आहे, ती देईल." निधी सहा वर्षांची होती. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि तिने तुला अग्नी दिला.

बाबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. आई आधीच गेली होती, सुटली.

हे पत्र मी गाड्या लावतात तिथल्या चहाच्या गाडीच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथली बाई सगळ्यांना नावाने हाक मारत होती, ती तुला देईल. खाली माझा नंबर आहे. निधी उद्या मँचेस्टरला परत जाईल. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, वहिनीलाही नाही. निधीला काय सांगू, हे तू मला सांगायचंस. तिचा बाप आहे की नाही?

कस्तुरी


बर्मिंगहॅम
२३ नोव्हेंबर, रविवार

दादा,

तुझा फोन आला नाही. मी आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपले. बँकेतून दोनदा मेसेज आले आणि दोन्ही वेळा मी ताडकन उठून बसले.

शेवटी काल मी पुण्याला नीनावहिनीला फोन केला. ठरवलं होतं की आडून आडून बोलायचं. आधी निधीच्या परीक्षेचं बोलले, मग वहिनीच्या गुडघ्याचं, मग म्हटलं आम्ही सील बघायला गेलो होतो, लिंकनशरच्या किनाऱ्याला. मला वाटलं लाइन गेली. हॅलो हॅलो केलं.

मग ती म्हणाली, "दिसला का?"

दादा, मी ओट्याशी उभी होते. कुकरची शिट्टी होत होती. मी गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसले.

"कोण दिसला का, वहिनी?"

"कस्तुरी, आता नाटक नको करूस. तो तिकडेच कुठेतरी किनाऱ्याला असतो एवढं मला माहितीये. निधीने बघितलं का त्याला?"

"बघितलं. ओळखलं नाही."

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाली.

ठीक आहे! मी ओरडले असेन, कारण उल्हास आतून पळत आला. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे तुला? तिने शांतपणे सांगितलं. वैकुंठावरच्या त्या विधीच्या आधीच्या आठवड्यात इंग्लंडच्या पोलिसांचा फोन आला होता. तुमचे मिस्टर सापडले, सुखरूप आहेत, पण कुठे आहेत ते कळवायची त्यांची इच्छा नाही, आणि सज्ञान माणसाच्या इच्छेविरुद्ध आम्हाला सांगता येत नाही. दोन दिवसांनी तू स्वतः तिकडच्या किनाऱ्यावरून फोन केलास म्हणे. "मी येणार नाही, नीना. मला जमणार नाही." आणि वहिनीने तुला सांगितलं, "गुरुवारी तुमचा विधी आहे. येणार नसाल तर मग कधीच येऊ नका."

आणि त्या गुरुवारी ती पांढरी साडी नेसून माझ्या शेजारी उभी होती! मी तिला धरून उभी होते. मला वाटत होतं ती कोसळेल. मी तिला म्हणत होते, वहिनी रडून घे, रडून घे. सगळं माहीत असून तिने सहा वर्षांच्या पोरीच्या हातून दर्भ जाळू दिला. बाबा रोज संध्याकाळी तुझ्या फोटोला हार घालायचे ते दोन वर्षं बघत राहिली. मला अजून हे खरं वाटत नाही. एका आठवड्यात माझा मेलेला भाऊ जिवंत झाला आणि ज्या बाईला मी सख्ख्या बहिणीसारखी समजत होते ती कोण आहे हेच मला कळेनासं झालं.

मी म्हटलं, का केलंस असं? तेव्हा ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. ते तुला शब्द न् शब्द लिहिते, कारण ते तुझ्यामुळे आहे.

"कस्तुरी, नवरा मेला तर लोक डबे घेऊन आले. शाळेने निधीला पुढच्या बाकावर बसवलं. बँकेने माझी बदली थांबवली. तुझ्या बाबांनी मला मुलगी म्हणून घरात ठेवलं. आणि नवरा टाकून गेला म्हटलं असतं तर? हिच्यातच काहीतरी खोट असेल, म्हणून पळाला. निधीला प्रत्येक जण विचारणार, बाबा कुठे असतात गं? मी विधवा झाले ते बरं झालं. मी स्वतः ठरवून झाले."

"आणि बाबा? बाबांना तरी सांगायचंस."

"बाबा पासपोर्ट काढून तिकडे गेले असते आणि याने त्यांना भेटायला नकार दिला असता. ते बघायचं होतं का तुला?"

याचं उत्तर तुला सुचतंय?

फोन ठेवताना ती म्हणाली, "निधीला काही सांगायचं नाही. तिला बाबा आहेत, फोटोत आहेत, चांगले आहेत. तसेच राहू देत."

मला गुरुवारी रजा आहे. मी येतेय. या वेळी पळालास तर चिखलात उतरून तुझ्यामागे येईन, मग सील चावले तरी बेहत्तर.

कस्तुरी


बर्मिंगहॅम
२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

काल तुझ्यासमोर जे बोलायचं होतं त्यातलं निम्मं राहिलं. तू फोन बाळगत नाहीस, तेव्हा पुन्हा पत्रच.

पळाला नाहीस हे एक बरं केलंस. गाडी, मग बस, मग टॅक्सी करून मी पोचले तेव्हा तू कुंपणाशी उभा होतास, आणि मला पाहून आधी घड्याळात बघितलंस. जशी काही मी शाळेतून उशिरा आलेय. मग म्हणालास, "चहा घेशील?" तेरा वर्षांनी भावाचं पहिलं मराठी वाक्य, चहा घेशील! मी तिथेच रडायला लागले आणि चहावाल्या बाईने मला फुकट केक दिला. तिला वाटलं असेल मेलेल्या पिल्लासाठी रडतेय. तिकडे एक मेलेलं पिल्लू पडलं होतंच.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलं. मधे बोलले नाही, ते माझ्या स्वभावाला धरून नव्हतं हे तुलाही जाणवलं असेल. नोकरी गेली होती ते तू कोणाला सांगितलं नव्हतंस. रोज सकाळी टाय बांधून स्लाऊच्या लायब्ररीत जाऊन बसायचास. वहिनीला फोनवर खोट्या मीटिंगा सांगायचास. मग एक दिवस ट्रेनमध्ये बसलास आणि समुद्रापाशी उतरलास. कोट काढलास, बूट काढलेस आणि कमरेइतक्या पाण्यात गेलास.

"खरंच मरायला गेलो होतो गं," तू म्हणालास. "समोर एक सील डोकं काढून बघत होता. हलेना. मी थांबलो, तोही थांबला. त्याच्यासमोर मरायची लाज वाटायला लागली मला. मग गारठलो आणि बाहेर आलो. आलो ते दुसऱ्याच बाजूला. कोट कुठे काढलाय तेच सापडेना."

मी हसले. मला हसू आलं याचा मला अजून राग येतोय. तू अनवाणी चालत गेलास, कोणा शेतकऱ्याच्या शेडमध्ये झोपलास, मग कोबीच्या शेतावर काम मिळालं, मग भाजी पॅक करण्याचं, आणि एकेक दिवस जात राहिला. "परत यायचं म्हणजे सगळ्यांना सगळं सांगायचं. मेलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही." हे तू सीलकडे बघत म्हणालास. माझ्याकडे बघून म्हणायची तुझी छाती नव्हती.

मला तुझी कीव आली दादा, मनापासून आली. त्या लायब्ररीतल्या खुर्चीवर टाय बांधून बसलेला तू डोळ्यासमोर येतोस तेव्हा मला वाटतं की तेव्हा मला एक फोन केला असतास तर मी पुण्याहून धावत आले असते. पण कीव आली म्हणून धक्का गेलेला नाही. रात्री जेवताना उल्हासने मीठ मागितलं आणि मी त्याच्याकडे नुसती बघत बसले.

आता राहिलेलं बोलते. मी निधीचा विषय काढला तेव्हा तू मला सील दाखवायला लागलास. "ते बघ, ती पांढरे केस गळायला लागलेली पिल्लं आहेत ना, त्यांच्या आया गेल्या. तीन आठवडे दूध पाजतात आणि निघून जातात. पिल्लू काही दिवस एकटं पडून राहतं, भूक लागली की आपोआप समुद्रात जातं. कोणी शिकवत नाही. निधीचंही छान चाललंय. त्या दिवशी बोलली माझ्याशी, किती हुशार आहे. तिला कशाला मधे आणतेस?"

तेव्हा माझी बोबडी वळली होती, आता वळलेली नाही. सीलचं मला सांगू नकोस. सीलला आत्या नसते. सीलच्या पिल्लाला कोणी सर्वपित्रीला बापाचं पान वाढायला लावत नाही. निधी दरवर्षी वाढते. खोलीवर एकटी असली तरी भात-वरण करते, तुला आवडायची म्हणून भोपळ्याची भाजी करते, आणि खिडकीबाहेर ठेवते. मँचेस्टरला कावळे येतात का गं आत्या, म्हणून मला विचारलं होतं तिने पहिल्या वर्षी.

तू आणि वहिनी, तुमचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं आणि ते हे, की निधीला काही कळू द्यायचं नाही. दोघांनी हात जोडून मला सांगितलंत. मी काल हो म्हणाले, कारण टॅक्सी आली होती आणि तू माझा हात धरला होतास. तुझा हात तसाच आहे, खरखरीत झालाय एवढंच.

मी प्रयत्न करीन. पण निधीने मला सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. मला येत नाही ते, ती विद्या आपल्या घरात तुम्हा दोघांनाच आली.

कस्तुरी


बर्मिंगहॅम
७ डिसेंबर, रविवार

दादा,

निधीला सांगितलं.

ती शुक्रवारी संध्याकाळी आली. उल्हासने बोलता बोलता सांगून टाकलं की तुझी आत्या परत एकटी सील बघायला गेली होती. काल सकाळी मी पोळ्या लाटत होते, ती स्वयंपाकघरात आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, तुला कॅन्सर वगैरे झालाय का?"

मी म्हटलं, काहीतरीच काय!

"मग काय झालंय? तू तीन आठवडे नीट जेवत नाहीयेस. फोनवर मला बोलताना तुझा आवाज वेगळा येतो. आई पण विअर्ड बोलते. मी लहान नाहीये. प्लीज, जे काय आहे ते सांग."

ती मी मरणार हे ऐकायची तयारी करून आली होती. या पोरीला माणसं मरायची सवय आहे. मी तवा उतरवला आणि सांगून टाकलं. तुझे बाबा जिवंत आहेत. तुझा-माझा फोटो काढला ते तुझे बाबा.

मी तिला हात लावायला गेले, ती मागे सरली. मला वाटलं ओरडेल, आदळआपट करेल, आईला फोन लावेल. तू का गेलास, कुठे राहतोस, तिच्याबद्दल विचारलंस का, यातलं काहीही विचारेल म्हणून मी मनात उत्तरं जुळवत होते.

तिने विचारलं, "मग मी जाळलं कोणाला?"

मी म्हटलं, "राणी, तो दर्भ होता. गवत. त्याला पीठ लावलं होतं, आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. माणूस नव्हता तो."

"मला माहितीये गवत होतं. मी बघत होते बांधताना," ती म्हणाली. "पण आजोबा म्हणाले, आता हे बाबा. यांना नमस्कार कर. मग मी केला. बाबांचा शर्ट होता. मला वाटलं, बाबा आत आलेत. मंत्र म्हटल्यावर येतात, असं मला वाटलं. मग आजोबांनी माझा हात धरला आणि आम्ही पेटवलं. आणि मग ते डोकं फुटलं, आत्या. केवढा आवाज झाला. तू मला कडेवर घेतलंस आणि बाजूला नेलंस."

मला ते आठवत होतं. जाळात नारळ तडकला होता. निधी किंचाळली म्हणून मी तिला उचलून पायऱ्यांवर नेलं आणि गोळी चोखायला दिली. लहान आहे, आवाजाला घाबरली, असं आम्ही सगळेच म्हणालो.

"मला वाटलं, बाबा तोपर्यंत होते," निधी म्हणाली. "मी पेटवलं म्हणून गेले. मी कोणालाच नाही सांगितलं. आई रडत होती ना, मला वाटलं तिला कळलं तर ती मला रागावेल. मोठी झाल्यावर कळलं की असं काही नसतं. पण अजून कधी काही फुटलं, काच वगैरे, की मला आधी तेच वाटतं, मी बाबांना मारलं."

दादा, तेरा वर्षं. माझ्या मांडीवर झोपायची ही पोर. मी तिला आंघोळ घातलीय, तिच्या वेण्या घातल्यात, आणि मला कधी कळलं नाही. वहिनीलाही कळलं नाही. आणि तू तेव्हा कोबी काढत होतास.

मग आम्ही दोघी फरशीवर बसून रडलो. उल्हासने पोळ्या केल्या, सगळ्या करपवल्या, आम्ही तशाच खाल्ल्या.

दुपारी मी वहिनीला फोन करून सगळं सांगितलं, नारळाचंसुद्धा. ती "अगं आई गं" एवढंच म्हणाली. मी नुसता तिचा श्वास ऐकत होते. शेवटी म्हणाली, निधीला दे. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, बाहेर जाऊन उभी राहिले.

निधी येत्या शनिवारी तुझ्याकडे येतेय. एकटी येणार आहे. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. तुला काय विचारायचंय ते ठरवलंयस का, असं मी तिला विचारलं. काही विचारायचं नाहीये म्हणाली. तुझी कारणं, ती लायब्ररी, तो सील, यातलं तिला काही नको. तू समजावत बसू नकोस, माफीही मागू नकोस, निदान आल्या आल्या तरी नको. तिला एवढंच हवंय की तुझ्या डोक्याला एकदा हात लावून बघायचा.

तेव्हा शनिवारी ती आली की टोपी काढ, आणि हलू नकोस.

कस्तुरी